थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर आयडलिंग बिघडले तर

थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग, साफ करून जागेवर बसवली, इंजिन चालू केले आणि एरवी आयडलिंगला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, 800 च्या आसपास राहणारी आरपीएमची सुई 1500 वर जाऊन बसली, की आपल्या हातून काहीतरी मोडले अशीच पहिली शंका मनात येते. बहुतेक वेळा काहीही मोडलेले नसते. रत्नागिरीत माझ्या स्वतःच्या गाडीला हेच झाले, तेव्हा एका गॅरेजमध्ये बोनेट उघडून जेमतेम दोन मिनिटे पाहिल्यावर मला अख्खी थ्रॉटल बॉडी बदलण्याचा सल्ला मिळाला. प्रत्यक्षात दोष निघाला तो वीतभर रबरी पाइपात. म्हणून नवा भाग मागवण्यापूर्वी काय काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी हे का घडते ते पाहू. इंजिनाच्या क्रॅंककेसमधील, म्हणजे खालच्या तेल असलेल्या भागातील, तेलकट वाफ ब्रीदर पाइपातून पुन्हा हवेच्या मार्गात सोडलेली असते. ती थ्रॉटलच्या गोल झडपेच्या कडेला साचत जाते आणि एअर फिल्टर नीट बसलेला नसेल, तर आपल्याकडची जांभ्याची बारीक तांबडी धूळही तिच्यात मिसळून चिकट थर तयार होतो. गाडी उभी असताना झडप अगदी किंचित उघडी असते आणि त्या बारीक फटीतूनच इंजिनाला हवा मिळते. थर वाढून फट बुजू लागली, की इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, झडप थोडी अधिक उघडून भरपाई करतो आणि ती नवी स्थिती लक्षात ठेवतो. हे महिनोन्‌महिने इतके हळू चाललेले असते की चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. मग एके दिवशी आपण तो सगळा थर एकदम काढतो. झडप जुन्या सवयीने तेवढीच उघडते, हवा मात्र गरजेपेक्षा बरीच जास्त आत जाते, आणि इंजिन रेस धरते.

त्यामुळे पहिला उपाय थोडे थांबण्याचा आहे. क्लीनरचा उरलेला अंश जळेपर्यंत इंजिन काही मिनिटे अडखळणे आणि सायलेन्सरमधून थोडा पांढरा धूर येणे हे स्वाभाविक समजावे. थंड इंजिन तसेही 1100 ते 1500 आरपीएमवर चालते, म्हणून ते पूर्ण तापेपर्यंत आयडलिंगविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये. इंजिन तापल्यावर सुई हळूहळू खाली येत असेल आणि एक-दोन दिवसांच्या साध्या वापरात 650 ते 850 च्या दरम्यान स्थिरावत असेल, तर ईसीयूने नवी स्थिती शिकून घेतली असे समजावे व पुढे काहीही करू नये.

काही गाड्या मात्र हे आपोआप शिकत नाहीत. काहींना 10 ते 15 मिनिटे बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवणे पुरते, तर काहींना ठरावीक क्रमाने इग्निशन चालू-बंद करावे लागते किंवा स्कॅनर, म्हणजे ईसीयूशी बोलणारे तपासणीचे यंत्र, जोडूनच शिकवावे लागते. निसानच्या अनेक गाड्यांत तर बंद झडपेची स्थिती आणि आयडलिंगची हवा या दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकवाव्या लागतात. आपल्या गाडीची पद्धत तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावी, दुसऱ्या गाडीची पद्धत हिच्यावर करून पाहू नये. पद्धत कोणतीही असो, इंजिन पूर्ण तापलेले, गिअर न्यूट्रलमध्ये, स्टिअरिंग सरळ आणि एसी, ब्लोअर, दिवे बंद असायला हवेत. बॅटरीही सशक्त हवी. रेडिएटरचा पंखा मध्येच सुरू झाला तर विजेचा भार वाढतो आणि शिकवणी बिघडते. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे तो पंखा उसंत घेत नाही, म्हणून हे काम सकाळी उरकलेले बरे. सीएनजीची गाडी असल्यास आधी पेट्रोलवर आयडलिंग बसू द्यावे आणि मगच गॅसवर टाकावी.

एवढे करूनही सुई खाली येत नसेल, तर इंजिन दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने हवा खेचते आहे असे धरून चालावे. माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळ याच तपासणीला द्यावा लागतो आणि उत्तरही बहुधा येथेच सापडते.

सुरुवात थ्रॉटल बॉडीच्या मागच्या पॅकिंगपासून करावी. खोबणीत बसणारी रबरी रिंग क्लीनर लागून फुगलेली असली, की बसवताना एखाद्या कोपऱ्यात खोबणीबाहेर येते आणि चारही बोल्ट घट्ट असूनही तिथून हवा जात राहते. फुगलेली रिंग पुन्हा वापरू नये. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे करत आवळावेत. पुष्कळ गाड्यांत हे बोल्ट सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या प्लास्टिकच्या मॅनिफोल्डमध्ये बसतात, त्यामुळे ताकद लावून आवळणे हा नवा खर्च ओढवून घेण्याचा खात्रीचा मार्ग आहे. त्यानंतर हवेच्या मोठ्या पाइपाचा क्लॅम्प, ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरकडे जाणारा पाइप आणि ब्रीदर पाइप एकेक करून पाहावेत, आणि पाइप वरून पाहून न थांबता त्याची खालची बाजू बोटाने चाचपावी. इंजिनाच्या उष्णतेने रबर आतून कडक झालेले असते, ते काढताना ओढले जाते आणि चीर नेमकी डोळ्यांआड जाते. माझ्या गाडीत ब्रीदर पाइपाच्या वळणाखाली अर्ध्या इंचाची अशीच एक चीर होती. पाइप जागेवर असताना तिची दोन्ही तोंडे मिटलेली दिसत, पण वाकवताच ती माशाच्या कल्ल्यासारखी उघडली. पावसाळ्यात पडवीजवळ गाडी उभी राहत असेल, तर उंदरांनी काही कुरतडले आहे का हेही याच वेळी पाहून घ्यावे.

गळती ऐकूही येते. पाण्याच्या पाइपाचा हातभर तुकडा घेऊन त्याचे एक टोक कानाशी धरावे आणि पट्टे व पंख्यापासून हात दूर ठेवून दुसरे टोक चालू इंजिनाच्या सांध्यांवरून फिरवावे. हवा खेचणाऱ्या जागी फुसफुस स्पष्ट ऐकू येते. संशयित सांध्यावर फवाऱ्याच्या बाटलीने थोडे पाणी मारले आणि आयडलिंग क्षणभर बदलले, तर गळती तिथेच आहे. पाणी विजेच्या तारांच्या कनेक्टरवर मात्र उडू देऊ नये. काही मिस्त्री यासाठी क्लीनरचाच फवारा मारतात. तापलेल्या इंजिनावर तो पेट घेऊ शकतो, म्हणून मी ती पद्धत सुचवणार नाही.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या गाडीत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असतो, तिच्यात सेन्सरच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, शिरलेली हवा मोजलीच जात नाही, मिश्रण पातळ होते, इंजिन अडखळते आणि स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोलच्या प्रमाणात केलेली दुरुस्ती, 10 टक्क्यांच्या वर गेलेला दिसतो. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत त्याऐवजी मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. गळतीतून आलेली हवाही त्याच्या हिशेबात येते, ईसीयू तिच्या प्रमाणात पेट्रोल देतो आणि इंजिन न अडखळता, गुळगुळीतपणे, पण जास्त आरपीएमवर चालत राहते. अशा गाडीत फ्युएल ट्रिम ठीक दिसला म्हणून गळती नाही असे म्हणता येत नाही.

सुई 1000 आणि 1800 च्या दरम्यान झोके घेत असेल, तर त्यामागचे कारणही बहुधा हीच जादा हवा असते. झडप बंद असूनही आरपीएम जास्त आहे, असे दिसताच गाडी उतारावर आहे असे समजून ईसीयू पेट्रोल तोडतो. वेग उतरला की पुन्हा देतो, आणि हे चक्र चालू राहते.

याउलट आरपीएम फार खाली जाऊन गाडी बंद पडत असेल, तर आधी थ्रॉटल बॉडीचा कनेक्टर तपासावा. समुद्राकाठच्या गावांत हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. गुहागर, मालवण, वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचा कनेक्टर काढला, की पिनांवर कल्हई उडालेल्या पितळी भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक दिसतो. कनेक्टर जोवर जागेवर असतो तोवर कसाबसा संपर्क टिकतो आणि साफसफाईसाठी एकदा काढून लावला की तुटतो. इग्निशन बंद ठेवून कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने पिना साफ कराव्यात, कनेक्टर टक्‌ असा आवाज येईपर्यंत दाबावा आणि त्याचे रबरी सील जागेवर असल्याची खात्री करावी. केबलने चालणाऱ्या जुन्या थ्रॉटलमध्ये आयडलिंगची हवा वेगळ्या व्हॉल्व्हमधून जाते. झडप लख्ख केली आणि तो व्हॉल्व्ह काजळीने भरलेलाच राहिला, तरीही गाडी बंद पडते.

इंजिनाचा दिवा लागला असेल तर स्कॅनरने बिघाडाचा कोड वाचून घ्यावा. पी 0507 म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा जास्त, पी 0506 म्हणजे कमी. पी 2135 आला तर झडपेची स्थिती सांगणाऱ्या दोन सेन्सरांचा मेळ बसत नाही, म्हणून पुन्हा कनेक्टरकडेच वळावे.

थ्रॉटल बॉडी खरोखर निकामी होते ती दोन चुकांनी. झडपेच्या कडेला अनेक कंपन्या करड्या-काळ्या रंगाचा मुद्दाम दिलेला लेप ठेवतात. तो मळ समजून पॉलिश पेपरने किंवा तारेच्या ब्रशने खरवडला, तर बंद झडपेतूनही हवा जाते आणि ईसीयूला कितीही शिकवले तरी आयडलिंग उतरत नाही. दुसरी चूक म्हणजे मोटर असलेली बॉडी क्लीनरमध्ये बुडवणे किंवा इग्निशन चालू असताना बोटाने झडप ढकलणे. झडपेच्या अटकावाचा स्क्रू फिरवून आरपीएम उतरवण्याचा मोहही टाळावा, कारण त्याची मूळ जागा कारखान्यात ठरवलेली असते आणि ती एकदा हलली की नेमकी पुन्हा सापडत नाही.

आयडलिंग बसले असे वाटले, तरी एसी लावून, बंद करून आणि उभ्या गाडीचे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे. प्रत्येक वेळी सुई किंचित हलून जागेवर यायला हवी. मग गावातल्या सपाट रस्त्यावर दहा-पंधरा वेळा क्लच दाबून गाडी थांबवावी. हे होईपर्यंत आंबा किंवा कुंभार्ली घाटात गाडी नेऊ नये. उतारावर इंजिन बंद पडले तर स्टिअरिंग जड होते आणि बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेक दोन-तीन वेळाच नीट लागतो. माझ्या गाडीचा ब्रीदर पाइप बदलल्यावर तिसऱ्या दिवशी सुई 780 वर थांबली, आणि आंबा घाट मी त्यानंतरच्या रविवारी उतरलो.