जमैका किंकेड वाचायला सुरुवात कशी करायची

आधी एक क्लिअर करून घ्या, नावात जमैका असलं तरी या लेखिका कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावरच्या (आधी ही इंग्रजांची वसाहत होती), जन्म १९४९ चा.

सुरुवात 'अ स्मॉल प्लेस'पासून करा. १९८८ चं पुस्तक, कादंबरी नाहीये पण एका बैठकीत होतं आणि पुढचं सगळं सोपं जातं. यात त्या टुरिस्टला थेट 'तुम्ही' म्हणून सुनावतात, तेव्हा पानं भरभर उलटू नका, कारण बीचवर फिरायला आपणही जातोच की. लायब्ररीचा भाग दोनदा वाचा, १९७४ च्या भूकंपात इमारतीचं नुकसान झालं, दुरुस्ती होणार अशी पाटी लागली आणि १९८१ ला देश स्वतंत्र झाला तरी पाटी तशीच. राग इंग्रजांवर आहेच पण नंतरच्या आपल्याच सरकारवरही आहे, दोन्ही पकडा.

मग 'ॲनी जॉन' ही कादंबरी, ॲनी ही त्यातली शाळकरी नायिका. शाळेच्या पुस्तकात बेड्या घातलेल्या कोलंबसचं चित्र असतं, त्याखाली ही पोरगी खोचक ओळ लिहिते आणि शिक्षा काय तर मिल्टन या जुन्या इंग्रज कवीचं काव्य उतरवून काढायचं! सत्ता कशी डोक्यात भरवली जाते ते मला इथे सगळ्यात चांगलं कळलं. आई-मुलीची भांडणं स्किप करू नका प्लीज, हुकूम आणि बंड तिथेही तेच चालू असतं.

'लूसी' ही कादंबरी त्यानंतर घ्या, त्यात शाळेत पाठ करून घेतलेली, डॅफोडिल्स या इंग्लंडमधल्या फुलांवरची कविता येते, आणि नायिकेनं ते फूल तोवर कधी पाहिलेलंच नसतं.