कोंबुचा गढूळ होतोय? या चुका टाळा

कोंबुचा म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं पेय. तो गढूळ झाला की सगळे आधी स्कोबीलाच, म्हणजे यीस्ट आणि जिवाणूंच्या जाडसर चकतीलाच दोष देतात. त्याआधी तो नेमका कधी गढूळला ते आठवा, बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

स्कोबी घालण्याआधी, चहा निवतानाच दुधट दिसायला लागला? मग चूक चहात आहे. रोजच्यासारखी सीटीसी पावडर खळखळून उकळली की टॅनिन आणि कॅफिन भरपूर उतरतं, आणि गार होताना ते एकमेकांना धरून चहा धूसर करतं. पावडरीचा चुरा गाळण्यातून जातो, तो वेगळाच. १ लिटर पाण्याला ५-६ ग्रॅम पानांचा चहा घ्या, गॅस बंद करून ७-८ मिनिटं झाकून ठेवा, गाळताना पानं दाबू नका. फ्रिजमध्ये धूसर झालेली बाटली बाहेर ठेवल्यावर तासाभरात निवळली, तर तोही हाच प्रकार. खुशाल प्या.

मुंबईत खरा त्रास उन्हाळ्यातल्या यीस्टचा. कोंबुचाला २४ ते २८ अंश मानवतं. घरात ३२-३३ अंश झालं की यीस्ट जोर धरतं आणि आंबटपणा आणणारे जिवाणू मागे पडतात. मग स्कोबीखाली तपकिरी तंतू लोंबतात, तळाला जाड साका बसतो, वास पावासारखा येतो. बरणीला ओलं फडकं गुंडाळायचा सल्ला इथल्या दमट हवेत फारसा कामाचा नाही. बरणी पाण्याच्या टबात ठेवा, सकाळ-संध्याकाळ त्यात बर्फाची बाटली सोडा आणि पाचव्या दिवसापासून चव घेत राहा.

पुढच्या खेपेचं विरजण, लिटरला १०० मिली, वरच्या थरातूनच काढा. हे बरेच जण चुकवतात. बरणी ढवळून काढलं की तळाचं यीस्टच पुढे जातं आणि खेपेगणिक गढूळपणा वाढतो.

बाटल्या भरण्याआधी बरणी २ दिवस फ्रिजमध्ये न हलवता ठेवा आणि वरचं नळीने उतरवा. तळाचं दोन बोटं राहू द्या. स्वादासाठी आंब्याचा रस घातलात, तर गर आणि पेक्टिनमुळे तो निवळणार नाही. नितळ हवा असेल तर कोकम भिजवलेलं गाळीव पाणी घाला.

वर कोरडी, केसाळ बुरशी दिसली, मग ती पांढरी असो, हिरवी की काळी, तर स्कोबीसकट सगळं टाकून द्या. वरचा थर काढून खालचं वाचवू नका. बरणी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, नव्या स्कोबीने सुरुवात करा.