छोटी रेल्वे वाढवायची तर आधी स्लीपर मोजा

अमेरिकेत छोटी मालवाहू रेल्वे विकत घ्यायला निघालेला माणूस आधी विचारतो, "मार्ग किती मैलांचा?" तो प्रश्न मागे ठेवा. मैलामागे वर्षाला किती वाघिणी भरतात, ते विचारा. आमच्या धंद्यातला ठोकताळा शंभरचा. त्याच्या बराच खाली आकडा असेल, तर तुम्ही रेल्वे नाही, गवत कापायचं कंत्राट घेताय.

मी मूळची कुर्डुवाडीची. सध्या कॅन्ससमध्ये अशाच एका कंपनीसाठी गिऱ्हाईक आणायचं काम करते. रेल्वेवरची सरकारी बंधनं सैल करणाऱ्या १९८० च्या स्टॅगर्स कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांना तोट्याचे फाटे, म्हणजे शाखामार्ग, विकणं सोपं झालं आणि ते आमच्यासारख्यांनी उचलले. आज मोठ्या कंपन्या सहा आणि छोट्या सहाशेच्या आसपास. गिऱ्हाइकाच्या दारातून वाघीण उचलायची आणि मोठ्या कंपनीच्या यार्डात नेऊन सोडायची, किंवा याच्या उलट, एवढंच आमचं मुख्य काम. ते वाढवायचं कसं, हे मी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने सांगते.

पहिलं काम पायी. रुळाच्या ३९ फुटांत साधारण २४ लाकडी स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ओंडके, असतात. ताशी १० मैलांच्या वर्गासाठी सरळ मार्गावर त्यातले ५ धड असले तरी नियमाला चालतं. ताशी २५ मैलांसाठी ८ लागतात. रुळांमधलं अंतर, पातळी वगैरे बाकीच्या अटी आहेतच, पण पैसा मुख्यतः स्लीपरमध्ये जातो. आता हिशेब करा. फाटा ४० मैलांचा. १० च्या वेगाने जायला चार तास, यायला चार तास. मध्ये दोन-तीन ठिकाणी शंटिंग (वाघिणी जोडणं-सोडणं), ब्रेकची तपासणी. गाडीवरच्या माणसांना कायद्याने १२ तासांच्या वर काम करता येत नाही, म्हणजे जरा कुठे खोळंबा झाला की गाडी रानात उभी आणि दुसरी माणसं मोटारीने पाठवायची. २५ च्या वेगाने हेच जाणं-येणं सव्वातीन तासांत होतं. उरलेल्या वेळात तीच माणसं आणखी एका गिऱ्हाइकाकडे जाऊ शकतात. नवं इंजिन घेण्याआधी स्लीपर घ्या, असं मी म्हणते ते यासाठी.

दुसरी गोष्ट वजनाची. जुन्या फाट्यांचे रूळ आणि पूल २,६३,००० पौंडांच्या वाघिणीपुरते असतात. आता चलन २,८६,००० चं आहे. तुमचा मार्ग ते पेलत नसेल तर गिऱ्हाईक प्रत्येक वाघीण थोडी रिकामी पाठवतं आणि भाड्याचं गणित ट्रककडे झुकतं. आमच्याकडच्या बार्शी लाइट रेल्वेने हे फार पूर्वी ओळखलं होतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ ला गाडी सुरू केली तेव्हा इंजिनापासून डब्यांपर्यंत प्रत्येक आसावरचा भार ५ टनांच्या आत ठेवला, म्हणून हलक्या रुळांवरही भागलं. कॅन्ससमध्ये ती सोय नाही. वाघिणी साऱ्या देशाच्या, तेव्हा रूळच जड करावे लागतात.

यासाठी पैसा कुठून? छोट्या रेल्वेंना मार्गाच्या दुरुस्तीवरच्या खर्चाच्या ४० टक्के करसवलत मिळते (२०२२ पर्यंत निम्मी मिळायची), मैलामागे ३,५०० डॉलरच्या मर्यादेत. २००५ पासून ती दर थोड्या वर्षांनी लटकायची, डिसेंबर २०२० मध्ये कायम झाली. नफाच नसेल तर सवलत वाया जात नाही. तुमच्या मैलांचा हक्क रेल्वेने माल पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाला किंवा स्लीपर बदलणाऱ्या कंत्राटदाराला देता येतो. रेल्वेच्या सुधारणेसाठी केंद्राचं क्रिसी (CRISI) नावाचं अनुदानही आहे, पण त्यात किमान २० टक्के हिस्सा आपला लागतो. अर्ज लिहायला जाणता माणूस ठेवा.

आता गिऱ्हाईक. कॅन्ससमध्ये धान्याचे एलेव्हेटर, म्हणजे साठवणुकीची उंच कोठारं, बरेचसे सहकारी आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला पुढचं सांगायला नको: व्यवस्थापक हो म्हणाला तरी निर्णय संचालक मंडळाचा. गव्हाची कापणी जून-जुलैत, तेव्हा कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. हिवाळ्यात जा. "रेल्वेने माल पाठवणार का?" असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. "ट्रकने काय जातं, कुठे जातं?" असं विचारा आणि ऐकत बसा. एका वाघिणीत तीन-चार ट्रकांचा माल बसतो, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना हवी असते खात्री. मंगळवारी आणि शुक्रवारी वाघीण येईल म्हणालात तर ती मंगळवारी आणि शुक्रवारीच आली पाहिजे.

मोठ्या कंपन्यांची ११० वाघिणींची धान्यगाडी हा आमचा खरा शत्रू. शेतकरी आमचा एलेव्हेटर ओलांडून थेट तिच्याकडे ट्रक नेतो. तिच्याशी भावात भांडू नका. गहू जातो तिथे खत येऊ द्या. ज्यांच्या दारात साइडिंग (वाघिणी उभ्या करायचा बाजूचा रूळ) नाही त्यांच्यासाठी यार्डात मोकळी जागा, माल चढवायचा सरकता पट्टा आणि चांगला रस्ता करून ट्रकमधून वाघिणीत माल भरायची सोय द्या. वाघिणींची दुरुस्ती, कारखान्याच्या आवारातलं शंटिंग, हेही विका. रिकाम्या वाघिणी दिवसाच्या भाड्याने उभ्या करणं सोपं असतं आणि मंदीत साइडिंगा भरून जातात, पण बाजार सुधारला की त्या एकदम निघून जातात. ते उत्पन्न पगारात धरू नका.

एकाच गिऱ्हाइकावर कंपनी उभी ठेवू नका. जेनेसी अँड वायोमिंग ही छोटी रेल्वे १८९९ पासून न्यूयॉर्क राज्यात रेट्सॉफच्या मिठाच्या खाणीवर जगली, मार्ग १४ मैलांचा. १९७७ मध्ये तिसऱ्या मॉर्टिमर फुलरने ताबा घेतला आणि १९८६, १९८८ मध्ये शेजारचे मोठे मार्ग जोडले. १९९४ मध्ये खाण कोसळून पाण्याखाली गेली, तेव्हा कंपनी बुडाली नाही. २०१२ मध्ये तिने रेलअमेरिका ही छोट्या रेल्वे चालवणारी दुसरी कंपनी घेतली आणि २०१९ मध्ये ब्रूकफील्ड व जीआयसी या गुंतवणूकदारांनी तिलाच विकत घेतलं, तेव्हा तिच्याकडे शंभरहून जास्त छोट्या रेल्वे होत्या.

नवा मार्ग घ्यायची वेळ याच्यानंतर येते. करारात दोन गोष्टी शोधा. माल फक्त विकणाऱ्या कंपनीलाच द्यायचा, दुसरीला दिला तर दंड, असं कलम आहे का? असेल तर शेजारी दुसरी मोठी कंपनी असूनही तुम्हाला भाव मागता येणार नाही. आणि भाडं कोण ठरवतं? वाघिणीमागे ठरीव रक्कम मिळणार असेल तर ती महागाईबरोबर वाढते का, ते लिहून घ्या. मग स्वतःचा पूल-अभियंता पाठवा. इथल्या फाट्यांवर लाकडी पूल भरपूर आहेत. वरून ते ठणठणीत दिसतात आणि खांब पाण्याच्या पातळीला कुजलेले असतात. विकणाऱ्याच्या अहवालावर बोलीचा आकडा लिहू नका.