माळ्यावरच्या जुन्या सीपीयूतनं फाईली कशा काढायच्या (श्री-लिपी, कृतिदेव या जुन्या मराठी फॉन्टवाल्यासुद्धा)

घरात जुना सीपीयू पडलाय आणि त्यात फोटो, वडिलांचे लेख, मंडळाचे हिशोब, स्मरणिकेचा मजकूर असं काहीबाही असेल तर पहिली गोष्ट सांगतो, तो चालू करून बघायचा नाही. सगळे नेमकं तेच करतात, धूळ झटकली, वायर लावली, बटण दाबलं. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या एसएमपीएसमधले (आतला पॉवर सप्लायचा डबा) कपॅसिटर सुकलेले किंवा फुगलेले असू शकतात, आत धुळीचा थर असतो, आणि एसएमपीएस गेलाच तर जाताना हार्ड डिस्कलाही घेऊन जाऊ शकतो. बरं चालू झालाच तरी मॉनिटर कुठाय, गोल पिनचा कीबोर्ड कुठाय, बॅटरी मेल्यामुळे तारीख चुकलीय म्हणून एफ१ दाबा म्हणतो, आणि विंडोज सुरू होताना स्वतःच डिस्कवर काय काय लिहीत बसतं. आपल्याला कॉम्प्युटर नकोय, डिस्क हवीय. ती काढायची.

मागचे दोन स्क्रू काढले की बाजूचा पत्रा सरकतो. आत हात घालायच्या आधी नळाला किंवा एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावून घ्या म्हणजे अंगातला स्टॅटिक चार्ज जातो. डिस्कला रुंद चपटा पट्टा लावलेला असेल तर ती आयडीई, बारीक केबल असेल तर साटा, साटा २००३ च्या आसपास आली त्यामुळे त्याआधीचं मशीन असेल तर आयडीई धरूनच चाला. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो घ्या, लेबलचा, जंपरचा (डिस्कच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी), सगळ्याचा. चार वायरींचा पांढरा पॉवर कनेक्टर (पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, दोन काळ्या ग्राउंड) फार घट्ट बसलेला असतो, वायर धरून ओढू नका, प्लास्टिक धरून डावीउजवीकडे हलवत काढा.

आता लागतो एक यूएसबी टू आयडीई-साटा ॲडॅप्टर. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, नाहीतर ऑनलाइन. घेताना एकच बघायचं, सोबत १२ व्होल्टचा वेगळा पॉवर ॲडॅप्टर आहे ना, कारण साडेतीन इंची डिस्क फक्त यूएसबीच्या ५ व्होल्टवर फिरत नाही. लॅपटॉपची अडीच इंची फिरते, आणि ती साटा असेल तर साधं यूएसबी केसिंग (डिस्क ठेवायची डबी) पुरतं. आयडीईच्या पिना ४० (लॅपटॉपवाल्याला ४४), त्या वाकल्या की डोक्याला ताप, म्हणून आधी मधली खाच जुळवा मग सरळ दाबा. आयडीई डिस्कचा जंपर लेबलवर 'मास्टर' लिहिलेल्या जागी. तरी दिसली नाही तर जंपर काढून बघा, काही ॲडॅप्टरना तसंच चालतं.

डिस्क लाकडी टेबलावर आडवी ठेवा, पत्र्यावर नको, खालचं सर्किट उघडं असतं. आधी पॉवर द्या आणि ऐका. एकसारखी घूंऽ आवाजात फिरली की यूएसबी लावा. टक्... टक्... टक् असा आवाज आला तर तिथेच बंद, पुन्हा पुन्हा लावून बघू नका, वाचणारं हेड प्लॅटरवर (आतल्या फिरत्या तबकडीवर) घासत असू शकतं आणि दर वेळी थोडा थोडा डेटा कायमचा जातो. फ्रीजरमध्ये ठेवा, हलकेच ठोका वगैरे सल्ले देणारे भेटतील, त्यांना चहा पाजा आणि पाठवून द्या. अशी डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यायची, ते महाग असतं, आत काय आहे त्यावर ठरवा.

फिरली आणि विंडोजने विचारलं की डिस्क फॉरमॅट करायचीय, तर कॅन्सल. स्कॅन करून दुरुस्त करू का म्हणालं तरी नको, आधी कॉपी. फोल्डर उघडताना परवानगी नाही असं आलं तर कंटिन्यू दाबून चालतं पण त्यात विंडोज जुन्या डिस्कवर परवानग्या बदलत बसतं, मला ते आवडत नाही. त्यापेक्षा पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) इन्स्टॉल न करता चालवा, त्याला त्या परवानग्यांचं सोयरसुतक नसतं.

आणि एक, निवडत बसू नका. त्या काळच्या डिस्क २०, ४० जीबीच्या, अख्खी डिस्क आजच्या ६४ जीबी पेन ड्राइव्हमध्ये मावते. आधी जीव अडकलेले दोनचार फोल्डर आणि मग सरसकट सगळं. एक्सपी असेल तर माल सापडतो डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जमध्ये, विंडोज ९८ असेल तर माय डॉक्युमेंट्स आणि विंडोज फोल्डरच्या आतल्या डेस्कटॉपमध्ये. आउटलुक एक्सप्रेसची मेलं लपलेल्या फोल्डरात डीबीएक्स फाईलींमध्ये असतात. मधेच अडकत असेल तर डीडीरेस्क्यू (लिनक्समधला फुकट प्रोग्रॅम) वापरून अख्ख्या डिस्कची इमेज (एकाच फाईलीतली हुबेहूब नक्कल) घ्या, ते खराब जागा आधी सोडून पुढे जातं आणि शेवटी परत येऊन त्यांच्यावर प्रयत्न करतं.

फोटो, एमपी३ बिनधास्त उघडतात, व्हीसीडीवरून उतरवलेल्या डॅट फाईली व्हीएलसीत चालतात. खरी गंमत मराठी मजकुराची. फाईल उघडली तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि लोकांना वाटतं फाईल खराब झाली. झालेली नसते. युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच पद्धत) आधी श्री-लिपी, आयएसएम, आकृती, कृतिदेव, शिवाजी या सगळ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते, प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने. कृतिदेवमध्ये 'मराठी' म्हणजे फाईलच्या आत ई जे के बी एच. फॉन्ट असला तर मराठी, नसला तर ई जे के बी एच.

म्हणून जुन्या डिस्कवरचा विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर सोन्यासारखा जपा. वर्डमध्ये त्या कचऱ्यावर क्लिक करा, वर फॉन्टच्या चौकटीत नाव दिसेल, श्री-देव, डीव्ही-टीटी (हा सीडॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएमचा), कृतिदेव काहीही, तोच फॉन्ट इन्स्टॉल करा, मजकूर जागच्या जागी मराठी होतो. झाला की लगेच पीडीएफ करून ठेवा. ही पीडीएफ सर्च होणार नाही पण मूळ कसं होतं याचा पुरावा राहतो आणि पुढे तपासायला तीच लागते. मूळ श्री-लिपी किंवा आयएसएमचं डोंगल (सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरला लावावी लागणारी चावी) शोधत बसायची गरज नाही, वाचायला फॉन्ट पुरतो.

मग तो मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. कन्व्हर्टर ऑनलाइन फुकट मिळतात पण तुमच्या फॉन्टच्या घराण्याचाच घ्या, कृतिदेवचा कन्व्हर्टर श्री-लिपीला चालत नाही. मधेमधे खरं इंग्रजी असेल, फोन नंबर, नावं, तर सगळं एकदम टाकू नका, त्या इंग्रजीचाही कचरा होतो. वर्डमध्ये सारख्या फॉरमॅटिंगचा मजकूर सिलेक्ट करायची सोय आहे, फक्त मराठी फॉन्टवाला उचला.

नंतर तपासायचं ते रफार आणि पहिली वेलांटी. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप व्हायचा, युनिकोडमध्ये बरोबर उलटं, त्यामुळे 'निर्मिती', 'मार्मिक' असे शब्द आधी शोधा, ते नीट आले तर कन्व्हर्टर बरा. 'तऱ्हा', 'सुऱ्या' पण बघा, हिंदीसाठी बनवलेले कन्व्हर्टर तिथे गडबडू शकतात. पुस्तकभर मजकूर असेल तर आधी एक पान करून पीडीएफशी ताडून बघा, उगाच अख्खं पुस्तक करून मग रडायला नको.

पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाईली असतील (डीटीपीवाल्यांकडे असणारच) तर लिबरऑफिस या फुकट सॉफ्टवेअरच्या ड्रॉमध्ये उघडून बघा, मांडणी विस्कटते पण मजकूर उचलता येतो. वर्ड ९५ किंवा त्याच्याही आधीची फाईल आजचं वर्ड अडवतं, तिथेही लिबरऑफिसच.

अलीकडचा बंद पडलेला लॅपटॉप असेल तर गोष्ट वेगळी. त्यातली डिस्क बिटलॉकरने (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) लॉक असू शकते, मग ४८ आकडी 'रिकव्हरी की' म्हणजे किल्ली लागते, मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर लॉगिन करून बघा, बऱ्याचदा तिथे सेव्ह असते. आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये स्टोरेज मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं असतं, तिथे हा सगळा उपद्व्याप चालत नाही.

कॉपी झाली की दोन ठिकाणी ठेवा, दुसरी शक्यतो दुसऱ्या घरात. जुनी डिस्क लगेच भंगारात नको, युनिकोडचं काम पूर्ण होईपर्यंत असू दे, एखादा फॉन्ट राहिलेला असतोच. देताना नुसतं डिलीट करून देऊ नका, डिलीट केलेलं सहज परत येतं, अख्खी डिस्क ओव्हरराइट करा नाहीतर ड्रिलने आरपार दोनतीन भोकं पाडा (चष्मा घालून, लॅपटॉपच्या डिस्कची प्लॅटर काचेची असू शकते), आणि मग ई-कचरा घेणाऱ्याकडे.