चौकात सिग्नल आणि कॅमेरे बसवताना: तालुक्याच्या गावांसाठी मार्गदर्शन

मराठवाड्यात तालुक्याच्या अनेक गावांच्या मधोमध मोठा रस्ता जातो आणि बसस्थानक, मोंढा, शाळा, आठवडी बाजार हे सारे त्याच रस्त्याला लागून असते. अशा गावात सिग्नल व कॅमेऱ्यांसाठी निधी मिळाला की खांब कोठे उभारायचे यावरच आधी चर्चा सुरू होते. वास्तविक हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा.

सुरुवात अपघातांच्या नोंदींपासून करावी. पोलीस आता प्रत्येक अपघाताची माहिती, घटनास्थळाच्या अक्षांश-रेखांशांसह, ई-डार या राष्ट्रीय प्रणालीत भरतात. पोलीस ठाणे किंवा जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडून मागील तीन वर्षांची माहिती मागून घ्यावी आणि ती गावाच्या नकाशावर मांडावी. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे 500 मीटर पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात झाले, अथवा 10 मृत्यू झाले, तर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. मात्र हा आकडा भरण्याची वाट पाहू नये. अपघात कोणत्या वेळी आणि कोणत्या प्रकारे झाला, हे अधिक महत्त्वाचे असते. रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळत असेल, तर तेथे सिग्नलचा काहीही उपयोग नाही. ट्रॉलीला रिफ्लेक्टर, रस्त्यावर दिवे आणि कारखान्याशी बोलणी, एवढेच उपाय तेथे चालतात.

त्यानंतर वाहनांची मोजणी करावी. एक साधा दिवस, एक बाजाराचा दिवस आणि एक गाळप हंगामातील दिवस असे किमान तीन दिवस घ्यावेत, कारण या तिन्ही दिवशी चौकातील रहदारी पूर्णपणे वेगळी असते. सीसीटीव्हीच्या चित्रणावरून सॉफ्टवेअर मोजणी करून देते, परंतु दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, बैलगाडी आणि प्रवाशांनी भरलेली रिक्षा ओळखताना ते सहज चुकू शकते. म्हणून एखाद्या तासाचे चित्रण माणसाने स्वतः मोजून ताडून पाहावे.

आकडे हाती आले की सिग्नलच्या एका फेरीचा कालावधी ठरवता येतो. त्यासाठी वेबस्टरचे सूत्र जगभर वापरले जाते. फेरीत दिवे बदलताना वाया जाणाऱ्या, म्हणजे वाहने पुढे न सरकणाऱ्या सेकंदांची दीडपट करून तीत 5 मिळवावेत आणि येणाऱ्या बेरजेला, चौकावरील एकूण भार (प्रत्येक हिरव्या दिव्यातील सर्वांत गर्दीच्या बाजूने येणारी वाहने आणि त्या बाजूची कमाल क्षमता यांच्या गुणोत्तरांची बेरीज) 1 मधून वजा करून उरणाऱ्या संख्येने भागावे. 10 सेकंद वाया जात असतील आणि भार 0.6 असेल, तर फेरी 50 सेकंदांची होते, भार 0.8 झाला की 100 सेकंदांची, आणि 0.9 झाला की 200 सेकंदांची. एवढा वेळ कोणी थांबत नाही, लोक लाल दिवा तोडतात. भार या पातळीला पोहोचला असेल, तर संगणकाकडून चमत्काराची अपेक्षा न ठेवता रस्त्यातील हातगाड्या, रिक्षाथांबा आणि बेशिस्त पार्किंग आधी हलवावे.

पिवळा दिवा साधारण 3 सेकंदांचा ठेवतात आणि त्यानंतर सर्व बाजूंना लाल दिवा राहील असा थोडा अवधी देतात. तालुक्याच्या गावात हा अवधी कंजूषपणे ठरवू नये. ताशी 15 किलोमीटर वेगाने जाणारा भरलेला ट्रॅक्टर सेकंदाला जेमतेम 4 मीटर अंतर कापतो. 20 मीटर रुंदीचा चौक ओलांडायला त्याला 5 सेकंद लागतात आणि मागची ट्रॉली त्यानंतर बाहेर पडते. पादचाऱ्यांसाठी सेकंदाला 1.2 मीटर हा वेग गृहीत धरण्याची पद्धत आहे, पण शाळा किंवा दवाखाना जवळ असल्यास 1 मीटरच धरावा. म्हणजे 12 मीटर रुंद रस्त्यासाठी 12 सेकंद द्यावेत.

वाहनांच्या संख्येनुसार आपोआप वेळ बदलणारे सिग्नल आपल्याकडेही उपलब्ध आहेत. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राने अशी प्रणाली विकसित केली आहे. मात्र एकाच चौकाच्या गावात बाजार, हंगाम आणि रात्र यांची तीन वेळापत्रके आधीच भरून ठेवली तरी बहुतेक काम भागते. वाहन टिपणारा सेन्सर बंद पडल्यास सिग्नल ठरावीक वेळापत्रकावर यावा आणि वीज गेल्यावर तो बॅटरीवर चालावा, या दोन अटी निविदेत असायलाच हव्यात. पाच वर्षांची देखभाल आणि मोजणीच्या माहितीवर नगरपरिषदेचा हक्क, हेही त्यातच लिहून घ्यावे. रस्ता महामार्ग असल्यास संबंधित प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी.

दंडासाठी कॅमेरे लावायचे असतील, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 2021 चा नियम 167-अ पाळावा लागतो. उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र असावे व त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, कॅमेऱ्याआधी ठळक फलक असावा आणि गुन्ह्याची सूचना 15 दिवसांत पाठवली जावी. माझ्या मते लाल दिवा तोडणाऱ्यांना टिपण्याआधी गावाच्या वेशीवर वेग मोजणारा कॅमेरा लावणे अधिक हिताचे आहे, कारण वेग कमी झाला की अपघात झाला तरी जीव वाचण्याची शक्यता वाढते.

यंत्रणा सुरू झाल्यानंतर परिणाम तपासताना गाळप हंगामाची तुलना मागील गाळप हंगामाशीच करावी. पावसाळ्यातील आकडे समोर ठेवून यश जाहीर केले, तर नोव्हेंबरमध्ये ट्रॅक्टर रस्त्यावर येताच हिशेब उलटतो.