इंका ट्रेल: कुस्कोत उतरल्या उतरल्या चालायला लागू नका

पेरूतल्या माचू पिचूला चार दिवस चालत जायचं ठरवलं असेल, तर गुडघ्यांच्या आधी फुफ्फुसांचा विचार करा. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. विमान तुम्हाला थेट कुस्कोला, म्हणजे सुमारे ३,४०० मीटरवर नेऊन सोडतं. गंमत म्हणजे माचू पिचू स्वतः २,४३० मीटरवरच आहे. जीव काढते ती वाटेतली वार्मिवान्युस्का खिंड, ४,२१५ मीटर.

म्हणून ट्रेकआधी किमान दोन-तीन रात्री हाताशी ठेवा. त्यातल्या पहिल्या रात्री ओयान्तायतांबो या गावात काढा, ते कुस्कोपेक्षा सहाएकशे मीटर खाली आहे. डोकं जड वाटणं, भूक मरणं चालायचंच. पण उलट्या सुरू झाल्या, पाय लटपटायला लागले, तर हट्ट न करता खाली उतरायचं. रोज सह्याद्री चढणाऱ्यालाही विरळ हवा सोडत नाही. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची का, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा.

खिंडीच्या चढावर बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. पलीकडे दगडी पायऱ्यांचा लांबलचक उतार आहे, तिथे काठ्या हव्यातच. टोकांना रबरी टोपणं लावा, नाहीतर काठ्या नेऊ देत नाहीत.

परवाना काही महिने आधी काढा. हमाल-गाइड धरून दिवसाला ५०० जणांनाच सोडतात आणि फेब्रुवारीत वाट बंद असते. परवान्यावर नोंदवलेला पासपोर्टच सोबत न्या, झेरॉक्स नाही.