ऑनलाइन डिग्री चालते, पण आधी सेशन बघा

युजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 4 सप्टेंबर 2020 चे नियम आल्यापासून मान्यता असलेली ऑनलाइन किंवा डिस्टन्स डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरतात, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यामुळे चालते का हा वाद नको. चालते. घोळ पुढे आहे.

मान्यता विद्यापीठाला सरसकट नसते भाऊ, ती कोर्सवार, मोडवार आणि सेशनवार असते. म्हणजे एमबीए यादीत असेल अन् एमए नसेल, एमए डिस्टन्समध्ये असेल पण ऑनलाइनमध्ये नसेल, किंवा जुलैच्या सेशनला, म्हणजे प्रवेशाच्या फेरीला, होतं आणि जानेवारीच्या नाही. तुम्ही अ‍ॅडमिशन घेतली ते सेशन बघतात, बाकी काही नाही. माझी डिग्री बरोबर, मार्क बरे, तरी पीएचडीच्या कागदपत्र तपासणीत खिडकीवरून विचारलं की तुमच्या सेशनची मान्यता दाखवा, आणि माझ्याकडे काय तर चकचकीत माहितीपत्रक, ज्यावर मोठ्ठ्या अक्षरात 'युजीसी अप्रूव्ह्ड'. ते कोणी हातातही घेतलं नाही. मग मेलवर मेल, अर्ज लटकलेला, अन् घरी रोज तोच प्रश्न, झालं का? विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा कुठे सुटलो.

म्हणून फी भरायच्या आधी डीईबीच्या, म्हणजे युजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या, साइटवर जा, विद्यापीठ, कोर्स, मोड, सेशन चारही जुळवा, त्या यादीची पीडीएफ काढा आणि मार्कशीटच्याच फाइलीत लावा. अ‍ॅडमिशनला लागणारा डीईबी आयडी एबीसी आयडीवरून (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, तुमच्या क्रेडिटचं सरकारी खातं) निघतो, तो स्वतः काढा, ओटीपी कोणाला देऊ नका.

नागपूरच्या बर्डीतले काउन्सेलर 'सर, सब जगह चलता है' म्हणतात, त्यांचं कमिशन अ‍ॅडमिशनवर असतं, तुमच्या पीएचडीवर नाही. माझं मत विचाराल तर मोठ्या सरांपेक्षा पीएचडी सेक्शनचे बाबू जास्त कामाचे, कोणता कागद अडतो ते त्यांनाच ठाऊक. आणि कोणी ऑनलाइन पीएचडीच विकत असेल तर उठून या बाप्पा, ती मान्य नाही हे युजीसीने 2022 मध्येच जाहीर केलंय.

स्वयमचं, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलचं, वेगळं. सेमिस्टरच्या 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेता येतात, पण कॉलेजने तो कोर्स आधी मान्य केला असेल तरच, नाहीतर सर्टिफिकेट फक्त बायोडेटात टाकायला.

ज्यांची अ‍ॅडमिशन झालीच आहे त्यांनी घाबरू नका, मागच्या वर्षांच्या याद्याही साइटवर शोधता येतात, आज रात्रीच आपल्या सेशनची काढून ठेवा.